हजेरीपटावरचे नाव



या व्यासपीठावरून वसंतातल्या संध्याकाळी आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, संगीतावरची भाषणे ऐकता. अशा मालेत गर्दच्या व्यसनासारखा विषय ठेवून त्यासाठी एका कामगार कार्यकर्त्याला उभे करण्याचे धाडस चालकांनी केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या जुन्या कपाटापुढे झाले. तेव्हा आज मी सांगणार आहे त्यात पांडित्य नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक आहे आणि त्या चुकीने मला जे शिकवले ते आहे.

गोष्ट १९९० नंतरच्या दशकातली. ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात लेथवर काम करणारा एक तरुण होता. राहायला कल्याणला. त्याच्या हातचे काम तपासनिसाने परत पाठवल्याचे मला आठवत नाही. तो गर्द ओढू लागला. आधी पगाराच्या दिवशी, मग रोज. खात्यात त्याचे नाव मागे पडले आणि सगळे त्याला 'गर्दुल्ला' म्हणू लागले. पुढे एकदा सलग अकरा दिवस तो कामावर आला नाही. रजेवाचून दहा दिवसांहून अधिक गैरहजेरी हे स्थायी आदेशांप्रमाणे तेव्हा गैरवर्तन धरले जाई. चार्जशीट निघाली. चौकशीत त्याचा बचाव करायला युनियनतर्फे मी होतो. त्याची बायको रुग्णालयाचा कागद घेऊन कचेरीत आली. "भाऊ, त्यांना दाखल केलंय. नाव तेवढं राहू द्या," म्हणाली. मी म्हटले, "वहिनी, गर्दुल्ल्यांसाठी युनियनने भांडायचं, तर इमानाने राबणाऱ्यांनी जायचं कुठे?" तो कागद मी चौकशीत मांडलाच नाही. एका बैठकीत चौकशी संपली आणि तो बडतर्फ झाला.

उपचार घेऊन तो बाहेर पडला तेव्हा चांगला होता. दोन महिने त्याने गर्दला हात लावला नव्हता. कुठे काम मिळेल का म्हणून तो माझ्याकडे तीनदा आला. तिसऱ्या खेपेला मी कचेरीत असूनही नाही म्हणून सांगायला लावले. त्यानंतर आठवड्याभरात कल्याणच्या रेल्वे यार्डाजवळ तो मेलेला सापडला. लोक म्हणाले, घर सुटले एकदाचे. मीही तेच म्हणालो. तो कसा मेला असावा हे मला पुष्कळ पुढे, या विषयावर वाचू लागल्यावर, उमगले.

गर्द म्हणजे हेरॉइनची अशुद्ध, तपकिरी पूड. अफूपासून मॉर्फिन, मॉर्फिनपासून हेरॉइन, अशी ही वंशावळ आहे. खोकल्याच्या काही औषधांतले कोडीन आणि वेदनाशामक ट्रामाडोल हीही त्याच गोतावळ्यातली. कोडीनच्या बाटल्यांचे साठे आपल्या जिल्ह्यात पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. आपल्या शरीरात वेदना शमवणारी काही द्रव्ये मुळातच तयार होतात. मेंदूत त्यांची जी जागा, तिथेच ही पूड जाऊन बसते. ती रोज मिळू लागली की शरीर सरावते आणि मात्रा वाढवावी लागते. थांबवली की नाक गळते, हाडे ठणकतात, पोटात मुरडा येतो, डोळ्याला डोळा लागत नाही. व्यसनी माणसे याला 'टर्की' म्हणतात. दोन-तीन दिवस ती ऐन भरात असते आणि साधारण आठवड्यात ओसरते. म्हणून घरच्यांना वाटते, आठवडाभर कोंडून ठेवले की झाले.

इथेच घात होतो. टर्की ओसरली तरी ओढ जात नाही, आणि शरीराचा सराव मात्र गेलेला असतो. दोन महिन्यांनी माणसाने जुनीच मात्रा घेतली तर तीच विष ठरते. श्वास मंदावतो आणि थांबतो. नॅलॉक्सोन नावाचे औषध वेळेवर टोचले तर असा माणूस वाचू शकतो, पण त्यासाठी जवळ कोणी असावे लागते. तुरुंगातून किंवा केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच फार धोक्याचे. आपण नेमके त्याच आठवड्यांत दार लावून घेतो. मी लावले होते.

श्रोतेहो, अफूची आणि कामगाराची ओळख मात्र गर्दपेक्षा जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची 'बाळगोळी' चाटवून कामावर जात. मूल दिवसभर गुंगीत पडून राही. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात या चालीची दखल घेतली आहे. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. आता मला सांगा, ती आई दुष्ट होती काय? मूल सांभाळायला घरी कोणी नव्हते आणि खाडा केला तर मजुरी जात होती. तिला नीतीचे चार शब्द ऐकवून काय होणार होते? तिला हवे होते पाळणाघर. १९४८ च्या कारखाने कायद्याने मोठ्या संख्येने स्त्रिया असलेल्या कारखान्यांना ते सक्तीचे केले. या जुन्या हकिगतीतून मी एवढेच घेतो की, गोळी काढून घ्यायची असेल तर तिच्या जागी काय द्यायचे याचा विचार आधी झाला पाहिजे.

गर्द आपल्याकडे पसरली ती १९८० नंतर. त्याच काळात, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतल्या पुष्कळांना गिरणीचे फाटक पुन्हा उघडले नाही. संपाने गर्द आणली असे मी म्हणत नाही. ती बंगल्यांतही शिरली. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशात २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी मादक द्रव्यांच्या अतिमात्रेने प्रत्येकी एक लाखाहून अधिक माणसे मेली, आणि त्यांतली बहुतेक याच वर्गातल्या द्रव्यांनी. तेव्हा ही गरिबांची खोड आहे असे कोणी मानू नये. पण बंगल्यातला मुलगा घसरला तर त्याला दुसरी, तिसरी संधी मिळते. चाळीतल्याला पहिलीच मिळणे कठीण.

यावर उपाय आहे का? आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात उभा राहिला आहे. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातल्या माणसांवर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य दिले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झाले. ते उभे केले डॉ. अनिता अवचट यांनी. तिथला उपचार पस्तीस दिवसांचा. पण त्यांचा खरा भर पुढच्या पाठपुराव्यावर. बरा झालेला माणूस नव्याचा हात धरतो, आणि बायकांचीही वेगळी बैठक भरते, कारण आजार एकाचा असला तरी दुखणे घराचे असते. आपल्या ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे. मुक्तांगणाच्या कामात वाटा असलेल्या डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इथेच 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढली. ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन अशी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन ओढ काबूत ठेवण्याची पद्धतही आहे. पुष्कळजण तिला 'एक व्यसन सोडून दुसरे' म्हणून हिणवतात. मधुमेह्याच्या इन्सुलिनला आपण व्यसन म्हणतो काय? ज्या औषधाने माणूस जिवंत राहतो, कामावर जातो, त्याला नाके मुरडण्याचा हक्क आपल्याला नाही.

कायदाही आपण समजतो तितका आंधळा नाही. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात ६४-अ हे कलम आहे. केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी आपणहून उपचाराला गेला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार पुरा केला नाही तर ते काढून घेता येते. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावी. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९६ साली एक आचारसंहिता प्रसिद्ध केली. कामाच्या जागी दारूचे वा मादक द्रव्यांचे प्रश्न इतर आजारांसारखेच आरोग्याचे प्रश्न मानावेत, असे ती सांगते. ती वाचली त्या रात्री मला त्या वहिनींचा कागद आठवला.

पुढे दुसऱ्या एका कारखान्याच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले. जो कामगार आपणहून उपचार मागेल त्याला रजा द्यावी, त्याचे नाव हजेरीपटावर ठेवावे, आणि परतल्यावर वर्षभर खात्यातल्या एका सोबत्याने त्याची विचारपूस करावी. मालकाने विचारले, "उद्या प्रेसवर अपघात झाला तर?" प्रश्न रास्त होता. आम्ही म्हटले, डॉक्टर सांगेपर्यंत त्याला यंत्रावर ठेवू नका, भांडारात ठेवा. पण फाटकाबाहेर ठेवू नका. काही परतले आणि टिकले. एकजण दोनदा घसरला आणि तिसऱ्यांदा उभा राहिला. काही गेले. सगळे बरे झाले असे मी सांगितले तर ते खोटे होईल.

आज माझ्यापुढे मोठी अडचण निराळीच आहे. ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत आता पुष्कळ तरुण कंत्राटावर राबतात, दुचाकीवरून जेवणाचे डबे नि सामान पोचवतात. त्यांचे नाव टिकवून धरावे असा हजेरीपटच नाही. आजारी पडला की दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे देशात सुमारे ७७ लाख माणसांना अफूवर्गातल्या द्रव्यांच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे. एवढ्या माणसांची नावे केवळ कारखान्यांनी सांभाळावीत हे आता होणे नाही. ते गावानेच करायला हवे.

म्हणून आपणाकडे माझे मागणे थोडे आहे. 'गर्दुल्ला' हा शब्द सोडा, त्याला नावाने हाक मारा. घरात कोणी सापडला तर लपवू नका. १४४४६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. आपल्यापैकी ज्यांचे दुकान आहे, छापखाना आहे, गाळा आहे, त्यांनी उपचार घेऊन आलेल्या एकाला तरी काम द्यावे आणि तो एकदा घसरला तर लगेच हाकलू नये.

त्या वहिनींना मी नंतर भेटलो. माफी मागायला गेलो होतो, पण शब्द फुटेना. त्यांनी चहा दिला आणि विचारले, "भाऊ, आता तरी तुमच्याकडे कोणी आलं, तर नाव ठेवता ना?" हो, ठेवतो, असे मी त्यांना सांगितले. आज तोच प्रश्न आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.