प्लायवुडमागचे हात

घरातलं कपाट, शाळेतला बाक, दुकानातली मांडणी, सगळीकडे आज प्लायवुड आहे. विकत घेताना आपण जाडी विचारतो, भाव विचारतो. ते बनवणाऱ्या हातांचा विषय मात्र क्वचितच निघतो. आज त्यांच्याविषयी थोडं बोलू.

12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात एक महत्त्वाचा आदेश दिला. अरुणाचल प्रदेशातल्या तिरप आणि चांगलांग भागांत वृक्षतोडीवर बंदी आली. तिथल्या, तसेच सीमेपासून 100 किलोमीटरच्या आत आसामात असलेल्या सॉ मिल, व्हिनियर आणि प्लायवुडचे कारखाने बंद करायला सांगण्यात आलं. पुढे 4 मार्च 1997 च्या आदेशाने महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना गिरण्यांवरही हीच पाळी आली.

जंगल वाचायलाच हवं होतं, यात शंका नाही. पण कारखाना बंद पडला तर मालक यंत्रं विकू शकतो, दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो. ओंडका सोलून कागदासारखा पापुद्रा काढणाऱ्याचं, तो वाळवणाऱ्याचं, गोंद लावून हॉट प्रेसखाली ठेवणाऱ्याचं काय? त्याच्याजवळ असतं फक्त कसब, आणि तेही याच धंद्यातलं.

धंदा संपला नाही, त्याने जागा बदलली. हरियाणा, पंजाब आणि पश्चिम उत्तर प्रदेशातले शेतकरी बांधावर पॉप्लर लावतात. हे झाड सहा-आठ वर्षांत तोडणीला येतं. त्याच्या जोरावर यमुनानगर वाढलं. केरळात पेरुंबावूरला चीक संपलेल्या रबराच्या झाडांपासून प्लायवुड होतं. तिथल्या कारखान्यांत आसाम, बंगाल, ओडिशातले मजूर राबतात. लाकूड जिथे, तिथे काम गेलं. आणि काम जिथे, तिथे घरदार मागे ठेवून माणूस गेला.

तिथेही धक्के चुकले नाहीत. 8 नोव्हेंबर 2016 ला मोठ्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा रोखीने मजुरी घेणाऱ्यांची पंचाईत झाली. 1 जुलै 2017 ला प्लायवुडवर 28 टक्के जीएसटी लागला; त्याच वर्षी नोव्हेंबरात तो 18 वर आला. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली. कारणं वेगवेगळी, पण धक्क्याची वाट एकच. मागणी घटली की प्रेस थांबतो. मजुरी नगावर असेल तर नग नाही म्हणून पैसा नाही. ठेकेदार 'उद्या येऊ नका' एवढंच सांगतो.

यावर कायद्यात काहीच नाही असं नाही. 50 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात, वर्षभर सलग काम केलेल्याला काम नसलेल्या दिवसांसाठी मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. पण त्यासाठी हजेरीपटावर नाव लागतं. ठेकेदाराच्या वहीत नुसतं 'चार माणसं' असं लिहिलेलं असेल, तर वर्षभर काम केल्याचा पुरावा तो कुठून आणणार?

म्हणून मदतीची पॅकेजं जाहीर होतात तेव्हा एक प्रश्न आधी विचारायला हवा: यात त्या चार माणसांची नावं आहेत का? जंगलाची किंमत समाजाने ठरवली, ते योग्यच झालं. ती चुकवण्याचा भार मात्र एकट्या मजुरावर पडू नये.