सुंदरीचे अंक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात भरलेल्या महिला मेळाव्यात, ‘नोकरी करणारी तरुणी : दिनचर्या आणि आत्मविकास’ या विषयावर सांगलीच्या एका निवृत्त बँक अधिकारी भगिनींनी केलेल्या भाषणाचा हा लेखी पाठ.)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मला नोकरी करणाऱ्या तरुणींशी बोलण्याची आज्ञा झाली, हे मी माझे भाग्य समजते. मी विदुषी नाही. अडतीस वर्षे बँकेत नोकरी केली, संसार केला, दोन मुले वाढवली. या वाटचालीत जे उशिरा उमगले, ते तुम्हाला वेळेवर कळावे, एवढाच या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम एक कथा आठवू या. आपण सर्वांनी ती लहानपणी पाठशाळेत ऐकलेली आहे. भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन्ही कन्यांना जवळ बसवून विद्या दिली. ब्राह्मीला अक्षरे शिकवली आणि सुंदरीला अंक. ब्राह्मीचा वारसा आपल्या समाजाने मनापासून जपला. मगनबाईंनी वैधव्याच्या दुःखातून उभे राहून मुंबईत श्राविकाश्रम काढला. सोलापुरात पद्मश्री सुमतीबाई शहा यांनी मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले. आज आपल्या घराघरांतील मुली अभियंता, डॉक्टर, सनदी लेखापाल झाल्या आहेत. परंतु सुंदरीच्या वारशाचे काय झाले? आपण मुलींना गणित शिकवले, पण त्या गणिताने स्वतःचा हिशेब मांडण्यास शिकवले का? आज मला या दुसऱ्या वारशाविषयीच बोलायचे आहे.

मी १९७९ साली बँकेत लागले. पुढे कॅश काउंटरवर काम करू लागले. संध्याकाळी रोकड जुळल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नसे. एका रुपयाचा फरक पडला तरी सगळी बंडले पुन्हा मोजायची. असे लोकांचे पैसे मी रुपयारुपयाने मोजले, पण माझा स्वतःचा पगार लग्नानंतर बारा वर्षे कुठे जातो, हे मला सांगता आले नसते. पगार झाला की कोऱ्या चेकवर सही करून मी तो सासऱ्यांच्या हाती देत असे. सासरे देवमाणूस होते. त्यांनी माझ्या एका पैशालाही कधी वावगा हात लावला नाही. घराचा वरचा मजला त्याच पैशांतून उभा राहिला.

१९९१ साली निपाणीला माझ्या आईच्या डोळ्यांचे ऑपरेशन ठरले. आपण काही रक्कम द्यावी, असे मनात आले. पण पैसे मागण्यासाठी माझी जीभ चार दिवस रेटेना. पाचव्या दिवशी मी कशीबशी बोलले. सासरे म्हणाले, “अगं पोरी, तुझेच पैसे, विचारतेस कशाला?” आणि त्यांनी लगेच पैसे काढून दिले. त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्यावर अन्याय करणारे घरात कोणीच नव्हते. चूक माझी होती. जे माझे होते ते मी कधी मोजलेच नव्हते, म्हणून ते मला परक्यासारखे मागावे लागले.

लेकींनो, आपल्या पाच अणुव्रतांतील पाचव्या व्रताचे नाव परिग्रह-परिमाण. परिमाण म्हणजे माप. आपल्याजवळ काय आहे हे ज्याला ठाऊकच नाही, तो मर्यादा कशाची आखणार? मोजणे ही त्या व्रताची पहिली पायरी आहे. म्हणून मी तुम्हाला चार हिशेब सांगते.

पहिला हिशेब वेळेचा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले की, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. ज्या पुरुषांनी घरकामाला हात लावला, त्यांची सरासरी ८८ मिनिटे भरली. आपली सामायिक दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची. त्या मापाने पाहिले तर बाई दिवसाला सहा सामायिकांएवढा वेळ घरकामाला देते, आणि स्वतःसाठी एक सामायिक बसायचे म्हटले की तिला वेळ नसतो!

यावर माझा उपाय साधा आहे. एक आठवडाभर आपला दिवस वहीत लिहून काढा. उठल्यापासून झोपेपर्यंत कोणत्या कामाला किती वेळ गेला, ते प्रामाणिकपणे टिपा. मोबाईलवर गेलेला वेळही त्यात येऊ द्या. मग ती वही घरातील सर्वांसमोर ठेवा. भांडण नको, तक्रार नको. “मला फार काम पडते” असे म्हटले की वाद होतो. पण कागदावरचा आकडा कोणाला नाकारता येत नाही. माझ्या सुनेने हाच प्रयोग आमच्या घरी केला. तेव्हापासून सकाळचे पाणी गाळणे आणि मुलांचे डबे भरणे माझ्या मुलाकडे आले. सुरुवातीला मला ते पाहवत नव्हते, हे कबूल करते. आता त्याची सवय झाली आहे आणि समाधानही वाटते.

दुसरा हिशेब शरीराचा. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. आपल्या महाराष्ट्रातही हे प्रमाण ५४ टक्के होते, म्हणजे निम्म्याहून अधिक. मीही त्यांतलीच एक. पर्युषणात उपवास, सकाळी रिकाम्या पोटी धावपळ, बँकेत दोन-तीन चहा, असे दिवस काढत असताना एकदा मी काउंटरवरच चक्कर येऊन पडले. हिमोग्लोबिन साडेसात निघाले. स्त्रीला ते किमान बारा हवे, हे मला तेव्हा प्रथम कळले.

आपला आहार शुद्ध आणि सात्त्विक आहे. तो परिपूर्ण करणे मात्र आपल्याच हाती आहे. डाळी, नाचणी, तीळ, हळीव, मनुका यांतून लोह मिळते. त्यासोबत लिंबू, आवळा, पेरू असे आंबट फळ घेतले तर ते लोह अंगी अधिक लागते. जेवणाला लागून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो, म्हणून जेवण आणि चहा यांत तास-दीड तासाचे अंतर असू द्यावे. ब जीवनसत्त्वांतील बारावे जीवनसत्त्व शाकाहारी माणसाला मुख्यतः दूध, दही, ताक यांतून मिळते. अनेकांना तेवढे पुरत नाही. तेव्हा वर्षातून एकदा या दोन्हींसाठी रक्त तपासून घ्यावे आणि डॉक्टर सांगतील ते करावे.

रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्या नोकरदार मुलींची अडचण मला माहीत आहे. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि कचेरी सुटते त्यानंतर. मग संध्याकाळचे जेवण हुकते आणि पोट दुसऱ्या सकाळपर्यंत रिकामे राहते. अशा मुलींनी दुपारचे जेवण मुख्य समजावे आणि पाच-साडेपाचसाठी दुसरा छोटा डबा न्यावा. दशमी किंवा थालीपीठ, दही आणि एखादे फळ पुरेसे आहे. नियम निष्ठेने पाळावा, पण त्याची आखणीही तितक्याच निष्ठेने करावी. उपाशी राहण्याला कोणी व्रत म्हणत नाही. झोपेचाही हिशेब ठेवा. रोज सात तास झोप हवी.

तिसरा हिशेब पैशाचा, आणि इथे बँकेतील जुनी बाई म्हणून मी जरा अधिकाराने बोलणार आहे.

प्रत्येक मिळवत्या मुलीचे स्वतःच्या एकटीच्या नावाचे खाते असावे आणि ते तिने स्वतः चालवावे. घरखर्चाला आनंदाने हातभार लावावा, पण किती द्यायचे हे ठरवून द्यावे. पगार झाल्याबरोबर एक ठरावीक रक्कम बाजूला काढावी. महिना दोन हजार रुपये पंधरा वर्षे बाजूला टाकले तर मुद्दलच तीन लाख साठ हजार होते, व्याज वेगळे. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची मुदत नेमकी पंधरा वर्षांची असते.

आमच्या काळी लग्न ठरले की मुली नोकरी सोडत, फंड काढून घेत आणि तो दागिन्यांत घालत. तुम्ही तसे करू नका. नोकरी बदलली तर फंड नव्या ठिकाणी वळवून घ्यावा. लग्नानंतर सर्व ठिकाणची नामनिर्देशने नव्याने भरावीत. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. बँकेतील ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा विश्वस्त असतो, त्यामुळे तोच मालक झाला असे होत नाही. मालकी वारसांची असते. नॉमिनीचे नाव लावले म्हणून निश्चिंत झालेल्या कितीतरी भगिनी मी काउंटरपलीकडे रडताना पाहिल्या आहेत. आपल्यामागे काय कोणाला मिळावे, हे मृत्युपत्रात लिहून ठेवणे अशुभ नाही.

आपला समाज व्यापारी आहे. व्यापारात चढउतार असतातच. १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पतीने पत्नी व मुलांसाठी आयुर्विमा उतरवला, तर धंद्यातील कर्जदारांच्या देण्यासाठी सामान्यतः त्या रकमेला हात लावता येत नाही. विमा घेतानाच तसा अर्ज भरावा लागतो, मागाहून भरता येत नाही. व्यापारी बंधूंनी याचा विचार अवश्य करावा. तसेच हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि त्यातील २००५ च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आहे. हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हा तुमचा प्रश्न. पण न वाचता सही करू नका.

पैशाच्या हिशेबात वस्तूही येतात. एका दिवाळीत मी कपाट उघडून साड्या मोजल्या. एकशे त्रेचाळीस निघाल्या! त्यांतील जेमतेम तीस मी नेसत होते. त्या दिवसापासून नियम केला की एक नवी आली तर दोन जुन्या देऊन टाकायच्या. आज चाळीस आहेत, आणि सकाळी कोणती नेसू, या विचारात वेळ जात नाही.

चौथा हिशेब मनाचा. नोकरी करणाऱ्या बाईच्या मनात एक खाते कायम उघडे असते, ते अपराधाचे. कचेरीत असताना मूल आठवते, घरी असताना राहिलेली फाईल. सासूबाईंना काय वाटेल, साहेब काय म्हणतील, याची बेरीज रात्रीपर्यंत वाढत जाते. दररोज झोपण्यापूर्वी दोन स्तंभ लिहा. आज माझ्याकडून खरोखर काय चुकले, आणि काय नुसतेच चुकल्यासारखे वाटले. पहिला स्तंभ बहुतेक रिकामा राहतो, असा माझा अनुभव आहे. त्यात जे असेल त्याची क्षमा मागावी, सुधारावे. दुसरा स्तंभ खोडून टाकावा. क्षमावाणीच्या दिवशी आपण सकल जीवांची क्षमा मागतो. त्या सकल जीवांत आपणही एक आहोत, हे विसरू नये.

मात्र क्षमा म्हणजे सोसणे नव्हे. कामाच्या ठिकाणी कोणी मर्यादा ओलांडली, तर २०१३ च्या कायद्याने दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. समितीत कोण आहे, हे नोकरीला लागल्या आठवड्यातच विचारून ठेवा. ती विचारणाही हिशेबातच धरा.

आता दोन शब्द वडीलधाऱ्यांना. आपली सून मोजू लागली की घर मोडेल, अशी भीती काहींना वाटते. मी हात जोडून सांगते, असे होत नाही. १९९१ नंतर मी माझे खाते स्वतः पाहू लागले. ते पाहून सासरे एवढेच म्हणाले, “बरे झाले, आता माझ्या डोळ्यांनाही आकडे नीट दिसत नाहीत.” पुढे त्यांच्या आजारपणात घराचा सगळा व्यवहार मीच सांभाळला, आणि त्या काळात औषधाला कधी पैसे कमी पडले नाहीत. हिशेब ठाऊक असलेली बाई घराला परकी होत नाही. उलट घर तिच्यावर निर्धास्त टेकते.

लेकींनो, आज घरी गेल्यावर एक साधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर चार शीर्षके लिहा : वेळ, शरीर, पैसा, मन. महिन्यातून एकच पान भरा. वर्षाची बारा पाने होतील. आणि ज्यांच्या घरी लहान मुलगी आहे, त्यांनी ती वही लपवू नये. तिला शेजारी बसवून बेरीज करायला लावावी. सुंदरीला अंक वडिलांनीच शिकवले होते, हे आपल्या समाजातील वडिलांनीही आठवणीत ठेवावे.