फुप्फुसातील छाया

खोकला हा इतका परिचित विकार आहे की, त्याच्याकडे सहसा कोणी गांभीर्याने पाहत नाही. ऋतू पालटला की तो येतो आणि आठ-पंधरा दिवसांत जातो. परंतु जो तीन आठवडे लोटले तरी हटत नाही, ज्याच्याबरोबर रक्त पडते, आवाज बसतो किंवा वजन घटत जाते, तो खोकला सामान्य समजणे धोक्याचे होय. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या नेहमीच्या खोकल्याने एकाएकी रूप पालटले, तर तीही सूचनाच समजावी. मात्र ज्याने जन्मात धूम्रपान केले नाही, त्यालाही हा रोग होऊ शकतो.

अशा रोग्याच्या क्ष-किरण चित्रात कधी एक छाया दिसते. भारतात क्षयरोगाचा प्रादुर्भाव मोठा. तेव्हा प्रथम क्षयाचाच संशय यावा, हे स्वाभाविक आहे. दोन्ही रोगांची लक्षणेही पुष्कळशी सारखी. परंतु थुंकीत क्षयाचे जंतू सापडले नसतानाही कित्येकदा केवळ छायेवरून क्षयाची औषधे सुरू होतात, रोगी ती महिनोन्‌महिने घेत राहतो, आणि तेवढ्या अवधीत कर्करोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेर जातो.

छायेवर रोगाचे नाव लिहिलेले नसते. सीटी स्कॅनने गाठीची जागा निश्चित करावयाची, श्वासनलिकेत दुर्बीण घालून अथवा छातीतून सुई घालून तिचा तुकडा काढावयाचा आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासावयाचा, हाच निदानाचा खात्रीचा मार्ग. आता त्या तुकड्यातील जनुकांचे बदलही तपासतात. कारण काही बदलांवर नेमकी लागू पडणारी औषधे निघाली आहेत.

वेळीच झालेल्या निदानाने काय साधते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९३३ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहॅम यांनी एका रोग्याचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले. तो रोगी स्वतः डॉक्टर होता. पुढे १९५० मध्ये ग्रॅहॅम यांनी अर्न्स्ट विंडर यांच्यासह धूम्रपानाचा या रोगाशी असलेला संबंध दाखवून दिला. ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत आले होते. १९५७ मध्ये याच रोगाने त्यांचा अंत झाला. तोपर्यंत तो दोन्ही फुप्फुसांत पसरला होता. त्यांचा रोगी मात्र त्यांच्या मागेही काही वर्षे जगला.

छाया दिसली म्हणून रोग्याने धीर सोडू नये; पण तिचे खरे नाव विचारल्यावाचून स्वस्थही बसू नये.