रसायनशास्त्र शिकून पुढे काय?



लातूर-नांदेडात बारावी सायन्सचे मूल म्हणजे डॉक्टर होणार, असे आपण धरून चालतो. 'नीट'मध्ये गुण कमी पडले की 'आता नाइलाजाने बी.एस्सी.' असे म्हणतो. मला आज एवढेच सांगायचे आहे की, हा नाइलाज नव्हे, ही स्वतंत्र वाट आहे.

१९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. रसायनशास्त्राचे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे शिक्षण आता घराजवळ मिळते. कॉलेजात प्रयोगाचे उत्तर पुस्तकात छापलेले असते. संशोधनात ते कोणालाच ठाऊक नसते. किनवट तालुक्यातील काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले की मुलांचे दात डागाळतात, फारच वाढले तर हाडे वाकतात. ते स्वस्तात कसे काढावे, हा रसायनशास्त्राचाच प्रश्न आहे.

खर्चाची चिंता रास्त आहे. परंतु 'नेट' परीक्षेत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये मिळतात. 'जाम' परीक्षा देऊन आयआयटीतही एम.एस्सी. करता येते. मात्र प्रयोग अनेकदा फसतात. पाच-सहा वर्षे धीर धरावा लागतो. हा धीर घरच्यांनीही धरला पाहिजे, मुलीच्या बाबतीत तर अधिकच.

पालकहो, निकालाच्या दिवशी गुण विचारण्याआधी एक विचारा : बेटा, तुला कोणता विषय आवडतो?