स्वागताध्यक्षांचे भाषण



रासायनिक अपघातांचे निवारण आणि कारखान्यांतील श्रमिकांचे संरक्षण या गहन विषयावरील परिषद आमच्या महाडात भरावी, आणि तिच्या स्वागताचा मान, शाळेतल्या प्रयोगवहीपलीकडे ज्याचा रसायनशास्त्राशी परिचय नाही अशा मजकडे यावा, हा स्वागत समितीतील मित्रांच्या लोभाचा परिणाम आहे. विषयाचे विवेचन अधिकारी व्यक्ती करतीलच. माझ्याकडे गावाची ओळख करून देण्याचे काम आहे, आणि त्यात काटकसर करण्याची माझी तयारी नाही, हे चिटणीसांनी आताच ध्यानी घ्यावे.

सावित्री आणि गांधारी यांच्या आश्रयाने वसलेले हे पुरातन बंदर. गांधारपाल्याच्या डोंगरातील बौद्ध लेणी आपण येताना महामार्गावरून पाहिली असतील; महामार्गावरील धूळ त्याहून अधिक पाहिली असेल, पण तिचा मुखत्यार मी नव्हे. रायगड येथून जवळ. नाते गावही जवळ, जेथे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख जन्मले. वीरेश्वराचा छबिना पाहण्याकरिता मात्र आपण महाशिवरात्रीच्या सुमारास पुन्हा यावे, असे आग्रहाचे निमंत्रण आजच देऊन ठेवतो.

परंतु परिषदेच्या दृष्टीने या गावाचा खरा अधिकार निराळा आहे. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी, जे कामगार हितवर्धक सभेचे कार्यकर्ते म्हणूनही आपणांस वंद्य असावेत, सार्वजनिक पाणवठे व संस्था अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये संमत करून घेतला, आणि त्याला अनुसरून आमच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले असल्याचा ठराव दप्तरी नोंदविला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस, आमच्या वाडवडिलांचे सुरबानाना, यांचे नाव आज तळ्याच्या इतिहासाबरोबर ओझरते घेतले जाते. स्वजातीयांचा रोष पत्करून एका लहान गावचा नगराध्यक्ष काय करू शकतो, याचे ते उदाहरण असल्यामुळे मी ते सावकाश घेतो. त्यांच्याहूनही विस्मृत झालेले नाव लाडवलीच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांचे. १९२७ साली भरलेल्या अस्पृश्य मानलेल्यांच्या परिषदेसाठी डॉक्टर आंबेडकरांना महाडला आणण्याच्या खटपटीत हा चोवीस वर्षांचा तरुण अग्रभागी होता, आणि पुढे त्याने आपले सारे आयुष्य मुंबईच्या श्रमिक चळवळीत घातले. कामगारांच्या परिषदेत त्याचे स्मरण कोणी करावे, तर ते महाडकरांनीच करावे.

त्या मार्च महिन्यातील परिषदेची एक हकीकत स्वागत समितीचा माणूस या नात्याने मला नेहमी अस्वस्थ करते. प्रतिनिधींना पिण्याकरिता चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे दोन पावलांवर आणि ठराव दप्तरात! दप्तरातला ठराव २० मार्च रोजी डॉक्टरसाहेब व त्यांचे अनुयायी तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा अमलात आला. पुढे त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये तो रद्द केला, हेही गावाभिमानाच्या भरात मी झाकणार नाही. आणि डिसेंबरच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली, हेही सांगितलेच पाहिजे. तळ्याच्या वादावर उच्च न्यायालयाचा निर्णय यावयास १९३७ उजाडले.

याचा आपल्या विषयाशी संबंध काय, असे तज्ज्ञ मंडळी विचारतील. संबंध पातळ आहे, पण आहे. अंगावर आम्ल वा दाहक द्रव उडालेल्या कामगाराला किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे करावे, असे मला आपल्यापैकीच एका अभियंत्याने समजावले. त्यासाठी बसविलेल्या शॉवरला पाणी येते की नाही, त्याच्या वाटेत पिंपे रचली आहेत की काय, हे कोण पाहतो? भोपाळच्या संहारानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोक्याची माहिती उघड करण्याचे बंधन घातले गेले, आणि धोका दिसताच तो निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क नोंदला गेला. रात्रपाळीतील कंत्राटी मजुराने हा हक्क बजावला, तर दुसऱ्या दिवशी त्याला फाटकाच्या आत घेतात काय? टाकी साफ करावयास उतरलेला एक बेशुद्ध पडतो, त्याला काढावयास दुसरा तसाच उतरतो, आणि दोघांनाही मुकावे लागते. आत शिरण्यापूर्वी हवा तपासावी, हा नियम कागदावर असतोच. नोव्हेंबर २०२३ मध्ये येथील औद्योगिक वसाहतीत स्फोट होऊन आग लागली आणि कामगार दगावले, त्या दिवसांत फाटकाबाहेर ताटकळलेले नातलग आम्ही पाहिले आहेत. त्याविषयी अधिक बोलणे औचित्याला धरून होणार नाही.

एक विनंती मात्र करतो. आमच्या गावाला पुराचा भोंगा ठाऊक आहे. तो वाजला की माणसे सामान माळ्यावर टाकतात आणि उंचावर जातात. जुलै २०२१ च्या महापुराने तो धडा पक्का केला. वायुगळतीचा भोंगा वाजला तर काय करावे, हे गावाला कोणी शिकविलेले नाही. क्लोरीन हवेहून जड, म्हणून सखल भागात साचतो, अमोनिया हलका, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, आडवे निघावे, हे सारे मी गेल्या महिन्यात शिकलो, आणि माझ्या आळीत ते जाणणारा बहुधा मी एकटाच आहे. आपले निबंध इंग्रजीत वाचून झाल्यावर त्यांतला एवढा भाग मराठीत छापून आमच्या शाळांतून वाटावा. छपाईचा खर्च स्वागत समिती सोसेल. कोषाध्यक्षांनी मान हलविली आहे, ती मी होकारार्थी समजतो.

आता उणिवांविषयी. निवासाची सोय शाळेच्या वर्गांतून केली आहे; बाके बाजूला सारली असली तरी डास सारता आले नाहीत. वीर स्थानकावर पहाटे उतरलेल्या काही प्रतिनिधींना वाहनाची वाट पाहावी लागली, त्यांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. मंडपात उकाडा आहे, पंखे भाड्याचे आहेत आणि वीज सरकारी आहे. भोजन कोकणी पद्धतीचे असून, तिखट सोसत नसेल त्यांनी वाढप्यास निःसंकोच सांगावे.

देणगीदारांचे ऋण मोठे आहे. तांदूळ गिरणीवाल्यांनी दिला, भांडी मंदिराच्या विश्वस्तांनी दिली, कोकमाचे सरबत महिला मंडळाच्या भगिनींनी घरी केले, आणि मंडपाचे भाडे व्यापारी मंडळींनी वर्गणीने उभारले. काही कारखानदारांनीही मोठ्या रकमा दिल्या; त्या स्वीकारताना परिषदेतील चर्चेवर कोणतीही अट असणार नाही, हे आम्ही लेखी कळविले होते, आणि त्यांनी ते मान्य केले, याबद्दल त्यांचे दुहेरी आभार. नावांची फेरिस्त प्रवेशद्वारी लावली आहे. क्रम रकमेप्रमाणे नसल्याची तक्रार काल आली. गांधारपाल्याच्या लेण्यात काणभोज विष्णुपालित नावाच्या कुमाराने आपल्या दानाचा लेख कोरून ठेवला आहे. त्यात लेण्याबरोबर पाण्याच्या टाक्यांचाही उल्लेख आहे, रकमेचा नाही. तक्रारदारांनी तो पाहून यावा.

आता नियोजित अध्यक्षांनी आसन ग्रहण करावे, अशी विनंती करतो. उद्या सकाळी अकरा वाजता आपत्कालीन व्यवस्थेची रंगीत तालीम आहे. त्या वेळी वाजणारा भोंगा भोजनाचा नाही, याची प्रतिनिधींनी कृपया नोंद घ्यावी.