सुट्टीत तिला काय वाचायला द्यायचं?

(एप्रिलमध्ये वाचक-मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मे महिन्याच्या सुट्टीत वाचणाऱ्या मुलींना कोणती पुस्तकं द्यावीत, यावर मी बोलायचं आहे. तुमच्यापैकी काहीजणी वही-पेन घेऊन बसल्या आहेत, म्हणजे यादी हवी आहे. ती देईन. पण आधी गेल्या वर्षी माझ्याच घरी काय झालं ते सांगते.

माझी भाची नववीची परीक्षा देऊन सुट्टीला माझ्याकडे आली. वय चौदा पुरं. फास्टर फेणे तिचा तिसरीतच वाचून झालेला. शाळेच्या लायब्ररीत तिच्या वयाचं म्हणून जे कपाट आहे, ते दोनदा संपलेलं. बहिणीने फोनवर सांगितलं, ''ताई, तिला काहीतरी चांगलं वाचायला दे. फक्त ते तुझं मारझोडीचं, रडारडीचं नको. दहावीचं वर्ष आहे.''

पहिल्याच संध्याकाळी या मुलीने माझ्या कपाटातून बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमचं' काढलं. आणि मी, तुमच्यासमोर इतकी वर्षं भाषणं करणारी बाई, पटकन म्हणाले, ''ते दहावीनंतर वाच गं.'' तिने वाद घातला नाही. पुस्तक जागेवर ठेवलं आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत गेली. त्या मोबाइलवर ती काय बघते हे मी एकदाही विचारलं नव्हतं. पुस्तकाला मात्र लगेच पहारा!

रात्री मला झोप लागेना. मला माझं चौदावं वर्ष आठवलं. १९७१ साल. वडिलांच्या कपाटात विभावरी शिरूरकरांचं 'कळ्यांचे निःश्वास' होतं. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं एका बाईने टोपणनावाने लिहिलं, म्हणून १९३३ साली त्या पुस्तकावर केवढं वादळ उठलं होतं. मी ते हातात घेतलं तेव्हा आई म्हणाली, ''ठेव ते. लग्न झाल्यावर वाच.'' मग मी ते दुपारी माळ्यावर बसून, आईची चाहूल घेत घेत, चोरून वाचलं. निम्मं कळलं नाही. जे कळलं त्याने जीव कासावीस झाला, आणि विचारायचं कुणाला? चोरून वाचलेल्या पुस्तकातलं विचारता येत नाही. मला त्रास झाला असेल तर तो त्या एकटेपणाचा झाला.

त्याच उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या घरातली माझी मैत्रीण लग्न होऊन गेली. माझ्याहून एका वर्षाने मोठी. १९७८ साली कायदा बदलेपर्यंत मुलीच्या लग्नाचं किमान वय पंधराच होतं, तेव्हा सगळं कायद्यात बसणारं. पंगतीत कुणीही म्हणालं नाही की पोर लहान आहे. लग्नाला ती लहान नव्हती, आणि गोष्टींच्या पुस्तकाला मी लहान होते.

मी दर शनिवारी एका वस्तीत पुस्तकांची पेटी घेऊन जाते. तिथे एकदा मी 'हे मोठ्या मुलींसाठी' असं म्हणून 'जिणं आमचं' बाजूला ठेवलं होतं. तेरा वर्षांची एक मुलगी ते चाळून म्हणाली, ''बाई, हे मोठ्यांचं कसं? आमची आजी हेच सांगते की.'' मी गप्प झाले. जे एका मुलीने वाचू नये असं आपल्याला वाटतं, ते दुसरीच्या घरात रोज बोललं जातं. मग 'वय' म्हणजे नक्की कुणाचं वय? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला, तो लिहिणारी मुक्ता साळवे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, चौदा वर्षांची म्हणून सांगतात. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायांच्या हालांबद्दल तिने त्यात लिहिलं आहे. ती लिहू शकते, तर आपल्या मुली वाचू शकणार नाहीत?

सकाळी मी पुस्तक भाचीच्या हातात दिलं. म्हटलं, ''मी माझं वागणं बदलतेय. वाच. मीही पुन्हा वाचते. अडलं तर विचार, नाही अडलं तरी सांग.'' बेबीताईंनी हे कसं लिहिलं तेही सांगितलं. फलटणला छोटंसं दुकान, पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचत राहिल्या, आणि स्वतःचं लिखाण कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. १९८६ साली त्याचं पुस्तक झालं.

तीन दिवसांनी मी भाजी निवडत असताना ती आली. सुनेच्या पायात लाकडी खोडा घालायचे, नाक कापायचे, तो भाग तिने वाचला होता. मला वाटलं आता रडेल. तिने विचारलं, ''मावशी, पण सासू का? ती पण बाईच ना? तिनेही सोसलेलं असणार ना?'' आम्ही तासभर बोललो. ज्यांना सगळे तुडवतात त्यांच्या हाताखाली कुणी आलं की काय होतं, हे बेबीताईंनी आपल्याच माणसांबद्दल न लपवता लिहिलं आहे. भाजी तशीच राहिली. मग ती हळूच म्हणाली, ''आमच्याकडे आजी आईला टाकून बोलते. आई गप्प बसते. आणि नंतर माझ्यावर ओरडते.''

माझ्या बहिणीला 'रडारडीचं' का नको होतं, ते मला तेव्हा समजलं.

मी लगेच सल्ला दिला नाही. आपल्याला ती खोड असते. एवढंच म्हटलं, ''तुझ्या लक्षात आलंय, हे मोठं आहे.'' जाताना ती पुस्तक घेऊन गेली. जूनमध्ये बहिणीचा फोन आला, चिडलेला. ''काय शिकवून पाठवलंस तिला? सासूबाईंसमोर म्हणाली, 'आजी, आईला असं बोलू नकोस.' घरात आठ दिवस अबोला.'' मी तिची माफी मागितली, कारण तिला न विचारता मी पुस्तक दिलं होतं. त्या अबोल्याचे आठ दिवस तिने काढले, मी नाही. पुढच्या वेळी आधी तिच्याशी बोलेन. पण पुस्तक देणं चुकलं, असं मला आजही वाटत नाही.

आता यादी. ती छोटीच आहे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आधी द्या. त्यात वडिलांचं सोवळ्याचं वेड आहे, अकराव्या वर्षी झालेलं लग्न आहे, नवऱ्याच्या धर्मांतराचा घाव आहे, आणि तरीही पानापानांवर हसू आहे. मोठं वाचन म्हणजे सतत काळोख, असं मुलींना वाटायला नको. दुसरं, रमाबाई रानड्यांच्या आठवणी, १९१० सालच्या. बाईने शिकावं म्हणून नवरा मागे लागलेला, आणि शिकते म्हणून घरातल्या बायका छळणाऱ्या. भाचीच्या प्रश्नाचं ते दुसरं टोक आहे. मग 'कळ्यांचे निःश्वास', पण माळ्यावर नव्हे, सगळ्यांसमोर. मग 'जिणं आमचं'. त्यानंतर ऊर्मिला पवारांचं 'आयदान'.

निवड करताना मी एक गोष्ट बघते. मारझोडीचं, बळजबरीचं वर्णन असेल, तर ते कुणाच्या डोळ्यांनी लिहिलंय? सोसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी असेल तर द्या. वाचणाऱ्याची करमणूक व्हावी म्हणून बाईचे हाल रंगवले असतील, तर मी देत नाही. ते पुस्तक कितीही गाजलेलं असो. आणि हे कळायला आधी आपण ते वाचलेलं असावं लागतं. दुसरं, मुलीला पुस्तक अर्ध्यावर सोडू द्या. तिसरं, 'काय बोध घेतलास?' असं विचारू नका, ती शाळा झाली. आपणही तेच पुस्तक वाचत घरात वावरा. बोलायचं असेल तेव्हा ती स्वयंपाकघरात येते.

माझं 'जिणं आमचं' अजून परत आलेलं नाही. दिवाळीत मी भाचीला त्याबद्दल विचारलं. म्हणाली, ''आईकडे आहे. दुपारी आजी झोपली की वाचते. विजेचं बिल खुणेला घालून ठेवते.''

मी पुस्तक मागणार नाही. दुसरी प्रत घेतली आहे, ती आज पेटीत आहे. कुणाला हवी असेल तर वहीत नाव लिहून न्या.