जकार्ताची राहून गेलेली शर्यत



म्हैसूर रस्त्यावरून ज्ञानभारतीकडे वळलं की बेंगळुरू विद्यापीठाच्या शेजारी भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं दक्षिण केंद्र लागतं. साताऱ्याच्या माण तालुक्यातली, मोहीची ललिता बाबर इथल्या शिबिरांत निकोलाय स्नेसारेव यांच्या हाताखाली घडली. मुंबई मॅरेथॉन गाजवणारी ही मुलगी 2014 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि दोनच वर्षांत रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली.

याच शर्यतीत नाव काढणारा दुसरा मराठी धावपटू अविनाश साबळे, बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. माण काय, आष्टी काय, दोन्ही दुष्काळी. आणि हे दोघं गाजले ते मात्र सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडायला लावणाऱ्या शर्यतीत!

साबळेचे आईवडील वीटभट्टीवर राबायचे. शाळा सहा किलोमीटर लांब, एसटी नाही. मग कधी चालत, कधी पळत. बारावीनंतर तो 5 महार पलटणीत भरती झाला, सियाचीनला राहिला. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी 2017 मध्ये त्याला स्टीपलचेसला उभं केलं. पुढचं वर्ष एशियाडचं होतं. नेमका तेव्हाच घोटा दुखावला, पात्रता हुकली आणि जकार्ताचं विमान त्याच्याविना गेलं. तिथं इराणच्या हुसेन केहानीनं 8 मिनिटं 22.79 सेकंदांत सुवर्ण घेतलं, स्पर्धेचा विक्रमही केला.

तारीख गेली होती. आकडा शिल्लक होता. गोपाळ सैनी यांचा 8:30.88 हा राष्ट्रीय विक्रम 1981 पासून जागचा हललेला नव्हता. सप्टेंबर 2018 मध्ये भुवनेश्वरला साबळेनं 8:29.80 वेळ नोंदवली. सदतीस वर्षांचा विक्रम सेकंदाहून थोड्या जास्त फरकानं मोडला.

शर्यत हुकणं काही त्याच्या एकट्याच्या वाट्याला आलेलं नाही. 2020 मध्ये बेंगळुरूची मे महिन्यातली दहा किलोमीटरची शर्यत डिसेंबरवर गेली. रस्त्यावर फक्त नामवंत धावले, बाकीच्यांनी ॲप चालू करून आपापल्या गल्लीत अंतर भरून काढलं. आजच्या स्नातकांतही कुणाची परीक्षा तापामुळे राहिली असेल, कुणाचं नेमणुकीचं पत्र सहा महिने पुढे गेलं असेल.

साबळेचा पुढचा आलेख पाहावा. 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 8:11.20, रौप्य, सुवर्ण फक्त 0.05 सेकंदानं गेलं. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये हांगझोऊच्या एशियाडमध्ये 8:19.50. सुवर्णपदक तर मिळालंच, शिवाय ज्या शर्यतीला तो पोहोचलाच नव्हता, तिच्यातला केहानीचा विक्रमही पुसला गेला. पाच वर्षं लागली.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण स्टीपलचेसचे अडथळे हर्डल्ससारखे धडक बसली की कोसळत नाहीत. कोसळतो तो माणूस. पाण्याच्या उडीत आडव्या लाकडावर एक पाय टेकवून पुढं झेपावायचं आणि एकाच पायावर उतरायचं. खड्डा 3.66 मीटर लांब, तळ उताराचा. जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. शरीराचा सगळा भार त्या क्षणी एका गुडघ्यावर. 11 जुलै 2025 रोजी मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीतच साबळे पडला. गुडघ्यातला, मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा अस्थिबंध गेला. त्याआधी मे महिन्यात त्यानं गुमीला आशियाई सुवर्ण जिंकलं होतं. सप्टेंबरातली टोकियोची जागतिक स्पर्धा ठरलेली होती. तीही हुकली.

अशा दुखापतीवरच्या शस्त्रक्रियेनंतर धावपटूचे पहिले दिवस गुडघा पुरता सरळ करण्यात जातात. मग जिने, मग सायकल, मग सरळ रेषेत हळू पळणं. उड्या सगळ्यात शेवटी; मैदानात परतायला साधारण नऊ महिने, कधी वर्षही.

पुढचं एशियाड सप्टेंबर 2026 मध्ये जपानच्या आयची-नागोयात आहे. तिथल्या स्टीपलचेसच्या यादीत स्पर्धाविक्रमाच्या रकान्यात 8:19.50 असेल आणि त्यापुढं नाव साबळेचं.